मढच्या खडकावरचा जिताडा

ओल्या शेवाळाचा वास आला की मला मढच्या किनाऱ्यावरची ती सकाळ आठवते. लहानपणापासून मी गळ टाकत आलो, पण मासेमारीतला माझा सोबती त्याच किनाऱ्यावर भरतीत वाहून गेला आणि त्यानंतर सात वर्षं मी रॉडला हात लावला नाही. शेवटी मुलगीच मागे लागली. पिसांची खोटी माशी लावून मासा पकडायचा हलका रॉड तिने आणला आणि पहाटेच मला अंधेरीहून तिथे नेलं. ओहोटीत चालत आम्ही पुढच्या खडकावर पोचलो. तासभर माझी दोरी नुसती गुंतत होती, मग एकदम रॉड वाकला. चांगला हातभर लांब जिताडा पाण्याबाहेर उसळला आणि मी सगळं विसरलो. "बाबा, मागे बघ! पाणी चढलंय!" मुलगी ओरडली. आमची वाट बुडायला लागली होती. "दोन मिनिटं गं, दमलाय तो," मी म्हणालो आणि एकदम आठवलं. सोबतीही त्या दिवशी हेच म्हणाला होता, आणि मी त्याला ओढून आणायचं सोडून एकटाच परत फिरलो होतो. मी सुरीने दोरी कापली. कमरेएवढ्या पाण्यातून निघालो तेव्हा एका लाटेने मुलीचा पाय निसटला. तिचं मनगट मी सोडलं नाही. तसेच आम्ही वाळूवर पोचलो. आता दर रविवारी जातो. ती "चल" म्हणाली की गळाला मासा असला तरी मी निघतो.