दोनची घंटा

टोलाबाई आणि खडूवाला पहिल्यांदा भेटले तेव्हा बाराशे खडूंचे चोवीसशे झाले. तो डोक्यावर खोका घेऊन शाळेच्या फाटकातून शिरत होता आणि नेमक्या त्याच क्षणी शिपाईबाईंनी पितळी घंटेवर असा टोला हाणला की कावळे गाव सोडून गेले, मुख्याध्यापकांची कवळी चहात पडली आणि खडूवाला खोक्यासकट आडवा झाला.

"मेलात का?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही. पण तुमच्याशिवाय आता जगणं कठीण दिसतंय."

चार महिन्यांत लग्न झालं. टोलाबाई हे नाव त्यानेच पाडलं. आख्खी गल्ली तिच्या टोल्यावर घड्याळं लावायची.

दुसऱ्या बाळंतपणातही पोट फाडावं लागलं. डॉक्टरीणबाई दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "टाके नाजूक आहेत. दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत. राहिले तर जिवाशी गाठ आहे." बाळ अंगावर पीत होतं, म्हणून दिवस न राहण्याची, पण दूध न आटवणारी गोळी दिली. "पण हिचे नखरे फार. रोज ठरल्या वेळी. तीन तासांहून उशीर झाला, तर हिचा भरवसा नाही."

"वेळेचं मला सांगता?" बाई हसल्या.

दोनची घंटा दिली की खिशातली गोळी तोंडात. आठ महिने एक खाडा नाही. मग लागली सुट्टी. बाळाचे दात येत होते, ते रात्रभर नाचवायचं. दुपारी बाईंचा डोळा लागायचा.

"अहो, दोनला उठवा हं."

"सुट्टीत घंटा मी!" खडूवाल्याने ताट-चमचा उचलला. शाळा बंद, त्यामुळे तोही घरीच.

चार दिवस ताट दोनला वाजलं. पाचव्या दिवशी त्याने चमचा उगारला आणि तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, तोंड अर्धवट उघडं, बाळाची मूठ तिच्या केसांत. झोपू दे बिचारीला, त्याला वाटलं. पोटाला काय घड्याळ असतं? त्याने पडदा ओढला, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे सारले आणि साडेपाचला ताट बडवलं.

"दोन वाजले?"

"ठोक्याला दोन."

"ऊन उतरल्यासारखं दिसतंय हो."

"आभाळ आलंय."

"सुट्टीत दिवस कसा भुर्रकन जातो," बाई गोळी गिळत म्हणाल्या. सुट्टी संपेपर्यंत हेच चाललं: रात्री बाळ झोपलं तर ताट दोनला, नाहीतर साडेपाचला. इतकं लाडाचं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

शाळा उघडली, घंटा सुरू झाली, गोळीही वेळेवर. पाळी बाळंतपणापासून आलीच नव्हती. अंगावर पाजताना असं होतं, हे ठाऊक असल्याने कुणाला शंका नाही. पोट दिसू लागलं तेव्हा चौथा महिना होता, आणि तोवर बाई रोज दोनला बिनचूक गोळी घेत होत्या.

"गोळीने बाळाला अपाय नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भीती टाक्यांची आहे. वेळ चुकवली होतीत का?"

"मी?" टोलाबाईंना रागच आला. "यांना विचारा! एक मिनिट इकडचं तिकडे नाही."

खडूवाल्याने सांगायला तोंड उघडलं. "चल," एवढंच निघालं, "बस चुकेल."

सातव्या महिन्यात टाके उसवले. दवाखान्यात पोचेपर्यंत बाई गेल्या होत्या, पोटातलं मूलही.

शाळेत आता विजेची घंटा आहे. दोनला आपोआप वाजते.