गुरुवारचा पाऊस आणि सुभेदाराचं रान

सोमवारी सकाळी मोबाइलवर अंदाज आला: गुरुवार ते रविवार विजांसह पाऊस, काही ठिकाणी जोरदार. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. आमच्या कुंडलच्या पट्ट्यात परतीचा पाऊस पूर्वेकडून येतो. सकाळी कडक ऊन, दुपारी अंगाला चिकटणारी हवा, आणि चार वाजले की तासगावच्या बाजूला ढग उभे राहतात. हे मला कुणी सांगायला नको. पण तोच अंदाज त्याच मिनिटाला गावातल्या प्रत्येकाच्या हातात पडला होता, ते मला महागात पडणार होतं.

मी वीस वर्षं सांगलीच्या बाजारात सौदे केले. सुरुवात दुसऱ्याची पोती उचलण्यापासून केली, नंतर गूळ, हळद, मिळेल ते घेतलं आणि विकलं. शिकलो ते एवढंच, की समोरच्याला घाई असली की आपण सावकाश चहा प्यायचा. पावसाची बातमी मला एक दिवस आधी लागली की मी गावोगाव फिरायचो आणि घाईला आलेल्या माणसाचा माल माझ्या भावात उचलायचो. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्याच अकलेनं तीन वर्षांपूर्वी मी हे रान घेतलं. काळीभोर जमीन, विहिरीत वाटा, आणि स्वस्त. स्वस्त अशासाठी, की त्याला वाट नव्हती. रस्ता आणि माझं रान यांच्यामध्ये एका निवृत्त सुभेदाराचं रान आडवं पसरलंय. वाट नाही, वाट नाही म्हणत मी विकणाऱ्याला दाबत गेलो, आणि मनात म्हणालो, वाटेचं नंतर बघू. आमच्याकडं रान घेणारी निम्मी माणसं असंच म्हणतात.

पहिली दोन वर्षं काही अडलं नाही. सुभेदाराचं सोयाबीन माझ्या आधी निघायचं आणि मळणीचं मशीन त्याच्या रिकाम्या रानातून माझ्या कापून रचलेल्या गंजीपर्यंत यायचं. कुणी कुणाला विचारलं नाही. पण न विचारता मिळालेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. म्हणून तिसऱ्या उन्हाळ्यात मी तहसील कचेरीत हक्काच्या वाटेसाठी अर्ज टाकला. सुभेदाराला आधी सांगितलं नाही. त्याला ते नोटिशीतून कळलं.

आणि त्याच साली त्याचं बी उगवलं नाही, दुबार पेरणी करावी लागली. खरंच उगवलं नाही की मुद्दाम उशीर केला, याचा मी अजून विचार करतो. माझं सोयाबीन शनिवारी कापून गंज रचून झाली होती. त्याचं अजून हिरवट, पाला धरून उभं. पंधरा दिवस तरी त्याला विळा लागणार नव्हता. आष्ट्याच्या मशीनवाल्यानं मला बुधवारची पाळी दिलेली. चार दिवस पाऊस बसला की वर कितीही चांगली ताडपत्री असो, खालून ओल चढते, गंजीत वाफ धरते, दाणा काळा पडतो, शेंगेतच कोंब येतात. बुधवारी मशीन आत गेलं नाही तर माझं पीक गेलंच म्हणून समजायचं.

सोमवारचा दिवस मी फोनवर घालवला. बांधाबांधानं भारे डोक्यावर वाहून रस्त्याला काढायचे म्हणून बायकांची टोळी हवी होती. नेहमीच्या मुकादमीणबाईला मी दुप्पट मजुरी बोललो. ती हसली.

"आवं शेठ, पाऊस काय तुमच्या एकट्याच्याच रानात हाय व्हय? सगळ्यांनीच दुप्पट दिलीया."

दुसरीनं फोनच उचलला नाही. घाईला आलेला माणूस यावेळी मी होतो.

मंगळवारी सकाळी मी सुभेदाराच्या बांधावर गेलो. तो गवत काढत होता. सत्तरीचा, पाठ अजून ताठ. त्यानं मान वर केली नाही.

"सुभेदार, उद्या मशीन हाय," मी म्हणालो. "बारा ओळी चाकाखाली जातील. काय नुकसान व्हईल ते सांगा, आत्ता देतो."

"तुला मशीन न्यायचं हाय का वाट पायजे?"

"एकच की ते."

"एक कसं? वाट पायजे असंल तर तहसीलदाराकडं जा. गेलाईसच तू. मशीन न्यायचं असंल तर उद्या खुशाल ने."

"किती द्यायचं?"

"काय न्हाई."

"फुकट नको मला."

"मग नगं नेऊ."

मी आयुष्यभर लोकांना भाव खाली आणायला लावलं. शून्यावर अडलेल्या माणसाचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. त्याची चाल मात्र लगेच कळली, निदान मला तरी ती चालच वाटली. मी पैसे मोजून गेलो तर तो व्यवहार झाला. फुकट गेलो तर ती परवानगी झाली, आणि परवानगी मागून वापरलेली वाट हक्काची ठरत नाही. सुनावणीला तो एवढंच सांगणार, साहेब, मी कुठं अडवलंय? मागितलं की देतो.

माझं डोकं फिरलं. "सरकारची पेन्शन घरपोच येती तुमाला, म्हणून हे दानधर्म सुचत्यात," असं मी ओरडलो. आणखीही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो गवत काढत राहिला.

घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं. मी चालीचं सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आवं, तुमी जिंकल्यावर त्या वाटंनं न्यायचं काय? कुजल्याला माल?"

मी जेवलो नाही. दुपारभर छपरात बसून मोबाइल उघडत होतो. अंदाज जरा बदलेल, पाऊस कोकणात सरकेल, असं वाटायचं. दर वेळी ढगाखाली वीज काढलेलं तेच चित्र.

बुधवारी दहाला रस्त्यावर मशीनचा हॉर्न वाजला. मी धावत गेलो. मशीनवाला खालीही उतरला नाही.

"शेठ, धा मिन्टं थांबतो. म्होरं अजून तीन गंजी हायत. कुठनं घालू आत?"

मी उत्तर देणार तोवर मला सुभेदार दिसला. तो त्याच्याच रानात वाकून कापत होता. मशीनच्या रुंदीएवढा पट्टा त्यानं रस्त्यापासून जवळजवळ माझ्या बांधापर्यंत कापत आणला होता. दिस उगवायच्या आधीच आला असणार. हिरव्या शेंगांच्या पेंढ्या पट्ट्यात तशाच पडलेल्या. त्या शेंगांत दाणा पुरता भरला नव्हता, त्याचा काही उपयोग होणार नव्हता.

मशीनवाला ओरडला, "सुभेदार, लवकर कापलंसा की!"

"चाकाखाली चिखल करण्यापरीस जनावरास्नी व्हईल," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडं बघून, "शेठ, हुबा काय ऱ्हायलाईस? पेंढ्या बाजूला घे."

तेव्हाही मी खिशात हात घातला. त्यानं बघितलं आणि पुन्हा वाकला. मग मी त्याच्या पेंढ्या उचलल्या. बायकोही आली. मशीनवाल्याच्या आणि त्याच्या दोन माणसांच्या देखत मी सुभेदाराच्या रानातून मशीन आत घेतलं, फुकट.

तीन वाजता शेवटचं पोतं ट्रॅक्टरमध्ये पडलं. साडेचारला तासगावकडून काळं आलं आणि अंदाजाच्या एक दिवस आधीच पाऊस सुरू झाला. तो पाच दिवस हटला नाही. गावातल्या चार गंजी कुजल्या. माझं एक पोतंसुद्धा ओलं झालं नाही.

दिवाळीच्या आधी सुनावणी लागली. माझ्या वकिलानं पढवलं होतं: त्या बुधवारचं काही बोलायचं नाही. सुभेदार शेजारी उभा होता, हात मागं बांधून. तहसीलदारसाहेबांनी त्याला आधी विचारलं, वाट अडवता का? तो म्हणाला, "त्येचा अर्ज हाय, त्येलाच इचारा." मग साहेब माझ्याकडं वळले. यंदाचा माल कसा काढला?

खोटं बोलणं मला जड नाही. बाजारात रोज बोललोय. पण तो माणूस माझ्याकडं बघतही नव्हता, समोरच्या भिंतीकडं बघत उभा होता. मी म्हणालो, "यांनी उभं पीक कापून मशीन आत घेऊ दिलं."

वकिलानं फाइल मिटली. साहेबांनी लिहून घेतलं. अडवणूकच नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. आता दरवर्षी माझ्या मालानं बाहेर यायचं ते त्याच्या मर्जीनं. मी त्याला मागायचं आणि त्यानं हो म्हणायचं. तो नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला त्याच्याशी भांडायलाही जागा उरली नाही.

बाहेर आल्यावर मी मोटरसायकल काढली. आभाळ भरून आलं होतं. सुभेदार पायऱ्या उतरून आला.

"सांजच्या आत येनार ह्यो. येष्टीला अजून टाइम हाय, मी तुझ्या गाडीवरच येतो."

त्यानं विचारलं नाही, सांगितलं. मागं बसला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. खड्डा आला की मी गाडी सावकाश घेत होतो, आणि कुंडल येईपर्यंत त्यानं हात काढला नाही.