वयाच्या रकान्यातले लेपचा अंक

जुरोंग ईस्टच्या आमच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर टेस्टर होते. नवा फॉर्म हाती आला की स्वारी खुशीत येई आणि वयाच्या रकान्यात लेपचा लिपीतले अंक टाकून बघे. ही सिक्कीमकडची लिपी. तिचे दहा अंक त्यांनी एका फाइलमध्ये जपून ठेवले होते, तिथून उचलून चिकटवायचे. त्यांच्या स्क्रीनवर ते छान वळणदार दिसत. माझ्याकडे तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे मला नुसते चौकोन.

"युनिकोडने यांना अंक म्हणून जागा दिलीय आणि आपला फॉर्म म्हणतो, कृपया संख्या भरा!" असं म्हणत ते बग नोंदवत. मी मॅनेजर, दर वेळी तो बंद करत असे.

एकदा मी चिडलोच. "अहो, पण हे भरणार कोण?"

"तुम्ही घेतच नाही, तर भरणार कोण?"

त्याच दिवशी मी फॉर्म दुरुस्त केला. मग रोज सकाळी कोपीचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा, कप घेऊन ते आलेल्या नोंदी चाळत आणि मला हसत सांगत, "आज नाही आला कोणी."

वर्षभर हेच चाललं. शेवटी मला राहवेना. त्यांच्या फाइलमधले कुठलेतरी दोन चौकोन उचलून, खोट्या नावाने मीच फॉर्म भरला.

ते धावत आले. "सर, पहिला आला! सत्त्याण्णव वर्षांचे आजोबा! बघा, किती थांबले बिचारे!"

आणि जाताना, काही न विचारता, माझ्या लॅपटॉपवर लेपचा फॉन्ट टाकून गेले.