कानाला लावून दिलेली हार्ड डिस्क

शालिमारजवळ चार्जर आणि मोबाइल कव्हरच्या ढिगात बसणारा तो माणूस हार्ड डिस्क नारळासारखी विकायचा. कानाजवळ धरून हलवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “ही घ्या सर. लय टिकते.” इतक्या कडक तपासणीनंतर शंका घेणं मला बरं दिसेना. सगळ्यात स्वस्त नेमकी तीच निघाली, हा आपला योगायोग.

“बॅकअप झाला की लॅपटॉपमधलं उडवा, जागा होईल,” असा सल्लाही त्याने फुकट दिला. मुलीचं अख्खं लहानपण मी त्या डिस्कमध्ये भरलं आणि लॅपटॉप मोकळा केला.

वर्षभरात डिस्क कटकट आवाज करून बंद पडली. मी ती परत नेली. त्याने पुन्हा कानाला लावली, मान हलवली आणि कुरकुर न करता नवी कोरी डिस्क पुढे ठेवली. शब्दाचा पक्का माणूस.

“आणि आतले फोटो?”

“गॅरंटी डिस्कची असते, सर.”

“तुमच्या घरचे फोटो कुठल्या डिस्कमध्ये ठेवता?”

तो पहिल्यांदाच दुखावल्यासारखा दिसला.

“घरचे अल्बममध्ये, कपाटात. असल्या वस्तूंचा काय भरवसा, सर?”