छापील माफी

बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावात मथुराबाईंच्या शब्दाला केळीच्या सौद्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत वजन होतं. फक्त एका गोष्टीवर सगळे हसत. भाषावार राज्यरचना झाली आणि बुऱ्हाणपूर हिंदी राज्यात राहिलं, त्या वर्षी तिथल्या एका शाळेनं मुलींचा मराठी वर्ग बंद करायचं ठरवलं, तेव्हा लहानग्या मथुराबाईंनी मैत्रिणींसह शाळेच्या दारात ठिय्या दिला आणि वर्ग वाचवला, ही ती गोष्ट. "आईनं पुन्हा थाप मारली," थोरला मुलगा नंदकुमार म्हणायचा. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून जुन्या शाळांची माहिती विचारत अलका गावात आली तेव्हा बाईंनी तिला सोडलंच नाही. ती कॉलेजात शिकवायची, त्या काळातल्या शाळांवर प्रबंध लिहीत होती. जुन्या वर्तमानपत्रांची पानं आता संगणकावर चढली होती. नाव टाकलं की बातमी समोर. तिनं ओट्यावर लॅपटॉप उघडून मथुराबाईंचं नाव टाकलं. काहीच आलं नाही. आडनाव जोडलं, तरी नाही.

"आजी, छापील पुरावा नसेल तर माझे मार्गदर्शक सर हे प्रबंधात घेऊ देणार नाहीत," ती म्हणाली. नंदकुमार मिशीत हसला.

बाई दिवसभर धुमसत राहिल्या. संध्याकाळी भाकरी थापताना त्यांचा हात एकदम थांबला. मथुरा हे तर सासरचं नाव! लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं. ठिय्या दिला तेव्हा त्या कौतिक महाजनांची लेक गोदावरी होत्या. माहेरचं कुणी उरलं नाही, तसं ते नावही कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी अलकानं ते नाव टाकलं आणि पिवळं पान उघडलं. नंदकुमारनंच मोठ्यानं वाचलं, "कु. गोदावरी महाजन हिच्या पुढाकाराने मुलींनी शाळेच्या दारात ठाण मांडले. वर्ग चालू राहील. मुलींनी माफी मागितल्यावर प्रकरण मिटले." त्याचा आवाज ओशाळला होता. "आई, खरंच की गं."

"माफी?" बाई ताठ झाल्या. "माफी कोनं मांगली? हेडमास्तरनं हात जोडले, तवा उठलो आम्ही. हे झूट हाय."

"पण आजी, छापलेलं आहे," अलका चाचरत म्हणाली. "सर हेच धरतील. तुमचं नाव तर आलं ना? तेवढं पुरे."

"पुरे कसं? काल छापेल नव्हतं म्हनून मी खोटी. आज छापेल हाय, तरी मीच खोटी?"

बाईंनी लॅपटॉप अलकाकडे सरकवला.

"नाव बदललं तवा मले कोनी पुसलं नाही. मी चूप राहिली. आता नाही राहनार. त्या पेपरात काय हाय ते लिही, अन् त्याच्याखाली लिही, माफी मांगली नाही. तुह्या सरले पटलं नाही तर त्याले इथं घेऊन ये."

अलकानं वही काढून लिहायला घेतलं. सांगणारीचं नाव टाकायची वेळ आली तेव्हा तिनं मथुराबाई लिहिलं.

"ते खोड," बाई म्हणाल्या. "गोदावरी लिही."