मनगटावरचा क्लॅम्प

वाघोलीच्या रस्त्यावर मोटारींचे सायलेन्सर बसवणारा एक माणूस होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो मान वर न करता विचारी, "आवाज कुठून येतोय?" निरनिराळ्या मापांचे क्लॅम्प त्याच्या हातात बांगड्यांसारखे असत आणि पाइप पाहून तो त्यातला एक उतरवी.

माझ्या मुलीला पाहायला कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा आणि त्याचे वडील त्या दुपारी स्टेशनवर उतरणार होते, आणि आमची गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जत होती. मी पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून नेला होता. त्याने यू-आकाराचा क्लॅम्प बाजूला सारला. "हा पाइप चेपतो. पट्टीचा घ्या, सगळीकडून सारखा धरतो."

खरंच सारखा धरतो का, हे पाहायला मी एक पट्टीचा क्लॅम्प स्वतःच्याच मनगटावर चढवून नट आवळला. आटे अडकले. क्लॅम्प निघेना.

"अहो, पाइपला बसवायचा होता," तो म्हणाला. "तुमचा आवाज कुठून येतोय?"

करवतीने कापायला वेळ नव्हता. त्याने दुसरा क्लॅम्प लावून गाडी गप्प केली आणि मी तसाच स्टेशनवर गेलो. मुलाचे वडील वाटभर माझ्या मनगटाकडेच बघत होते.

"रक्तदाबासाठी का?" त्यांनी विचारलं.

मी घाबरून "हो" म्हणालो आणि दुकानाचा पत्ताही सांगितला.

लग्न ठरलं. साखरपुड्याला व्याह्यांच्या मनगटावर तसाच क्लॅम्प होता.

"गुण आहे हो," ते म्हणाले. "पण तुमचे वैद्य विचित्र. नाडी न बघताच विचारतात, आवाज कुठून येतोय?"