नजरेनं माप घेणाऱ्या बाई

पोरीला खांद्याला धरून एकदा गर्रकन फिरवायचं आणि माप सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत. टेप गळ्यात असायची, पण शोभेपुरती. "टेप चुकते, माजा डोळा नाई चुकत," असं देवरीच्या आमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या बाई सांगायच्या. आणि खरंच, एका दुपारी पन्नास पोरींची मापं नुसती बघून घ्यायच्या, पण ड्रेस एकही परत यायचा नाही.

मापं वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक मापासोबत बाईंचा एक शेरा फुकट मिळायचा. "हे तर तुरीची काडी. हिले कापड कायले पाहिजे, रिबीन गुंडाळा!" रांगेतल्या पोरी हसायच्या, मी हसायचे. तुम्हीही हसला असता.

त्या वर्षी आठवीतली वैष्णवी पुढे आली. बाईंनी तिला फिरवलं, जरा थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, हिच्या नावापुढं दोन पोरी लिवा. एका ड्रेसात दोघी शिरून राहिल्या."

अख्खा व्हरांडा हसला. वैष्णवीही हसली. मी तर पेन खाली ठेवून हसले. लाज वाटते, पण हे सांगायलाच हवं.

ड्रेस यायला दीड महिना लागला. तोवर पोरगी शाळेतली खिचडी मैत्रिणीच्या ताटात लोटायला लागली होती. घरी सांगायची, शाळेत खाल्लं. शाळेत सांगायची, घरून जेवून आले. नवा ड्रेस तिच्या अंगावर लोंबायला लागला. बाई भडकल्या. "माप माजं बरोबर होतं. पोरगीच बदलली!" मग तिला नीट न्याहाळलं आणि खूश झाल्या. "पण आता कशी मस्त दिसून राहिली! पहा वो पोरीहो, पहा!"

वैष्णवीचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

बाईंनी ड्रेस उसवून आत घेतला. दिवाळीआधी पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा तो हातात आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच गळ्यातली टेप काढून पोरीची कंबर मोजली. त्याच आठवड्यात पोरगी प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात काही बिघाड नाही, ही जेवतच नाही. मनाच्या डॉक्टरांकडे न्या. "माजी पोरगी पागल नाई," म्हणत आईनं तिला घरी आणलं.

बाईंनी शाळेचं काम सोडलं. कुणी बोलावलं नसताना डबा घेऊन रोज वैष्णवीच्या घरी जायला लागल्या. एकदा मीही गेले. बाईंनी वरणभाताचा घास तिच्या तोंडाशी नेला.

"खाय वो माय. इतकुसाच."

तिनं तोंड फिरवलं.

"काऊन नाई खात?"

"अजून जाडीच आहो मी."

आई समजावून थकली, मीही समजावलं. "तुमी दोघी माजं मन राखता," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "बाई, तुमी सांगा. तुमी कोणाचं मन नाई राखत."

बाईंना रडू आवरेना. "नुसते हाडं राहिले वो तुजे. देवाशपथ, नुसते हाडं."

वैष्णवी हसली. समाधानानं हसली.

"म्हणजे जमून राहिलं मले," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.